दुसऱ्याचं बघवत नाही आणि स्वतःचं दिसत नाही

या वेळचं पत्र असं आहे, थोडं छोटं केलंय :

"ताई, हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मी यावल तालुक्यात एका शाळेत शिकवते, वय ३३. जळगावला हॉस्टेलवर असताना मी आणि माझी मैत्रीण एकाच वहीत कविता लिहायचो, उजवं पान तिचं, डावं माझं. नंतर ती पुण्याला गेली, गझल शिकली, आता तिचे रील्स सगळीकडे फिरतात, गेल्या दिवाळीत पुस्तकही आलं. प्रकाशनाला मी ताप आलाय असं खोटं सांगून गेलेच नाही. रात्री सगळे झोपले की तिचं प्रोफाइल उघडून बसते, मात्रा मोजते, कुठे वृत्त तुटतंय का बघते. एकदा एक चूक सापडली, त्या रात्री मला शांत झोप लागली आणि सकाळी स्वतःची किळस आली. मी पण गझला लिहून बघितल्या, अकरा झाल्या, सगळ्या बेचव. आता दीड वर्ष एक ओळ लिहिलेली नाही. तशी माझ्याकडे लिहिण्यासारखं आहे तरी काय, २०२० ला बी.एड. केलं तेवढंच, घरी कधी पुस्तक नव्हतं, आईच्या सगळ्या साड्यांवर केळीच्या चिकाचे काळे डाग, एका लग्नातल्या शालूवर तेवढा नाही कारण तो ती परत कधी नेसलीच नाही. ताई, हा मत्सर जाईल का? आणि नाही गेला तर मैत्री तोडून टाकू का? तुझी, कोरडी वही."

अगं कोरडी वही,

तुझा दुसरा प्रश्न आधी घेते कारण त्याचं उत्तर छोटं आहे. मैत्री तोडू नकोस. तिने तुझं काही घेतलेलं नाहीये, तुझ्या पत्रात तिच्याबद्दल एक वाकडा शब्द नाही, ती तुला टाकून बोलली असं कुठे नाही, म्हणजे दुखतंय ते तुझ्याच आत दुखतंय, आणि मैत्रीण गेली तर ते दुखणं तिच्याबरोबर जाणार नाही, दुसरी कोणीतरी शोधेल.

आता पहिला प्रश्न, त्याला वेळ लागेल, चहा घेऊन बस.

आपण मराठीत म्हणतो ना, "तिला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही". डोळ्यात खुपतं म्हणतो, डोळ्यात सलतं म्हणतो, नजर लागली म्हणतो. पोटात दुखतं असंही म्हणतो पण बहुतेक शब्द डोळ्याचेच आहेत, आणि मला वाटतं आपल्या आज्या-पणज्यांनी हे फार नीट हेरलेलं होतं की मत्सर येतो तो आधी डोळ्यावर येऊन बसतो. तू लिहितेस की रोज रात्री तिचं प्रोफाइल बघते, पण बघतेस कुठे गं, तू तर चूक शोधतेस. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, असूया या शब्दाचा अर्थ दिलाय, "दोषारोपो गुणेष्वपि", म्हणजे गुण दिसत असतानाही त्याच्यावर दोष चिकटवणं. तुझ्या रात्रीच्या कार्यक्रमाचं यापेक्षा नेमकं वर्णन मला तरी करता येणार नाही. आणि हे रागावून नाही म्हणत, माझीही अशी वर्षं गेलीयेत, पुढे सांगते.

पण त्याच वाक्यात तू आणखी एक गोष्ट लिहून गेलीस आणि तुला ती कळलीच नाही. रात्री अकरा वाजता, दिवसभर वर्गात ओरडून, घरचं सगळं आवरून, फोनच्या उजेडात तू दुसरीच्या गझलेच्या मात्रा मोजतेस आणि कुठे लघूच्या जागी गुरू पडलाय हे तुला सापडतं. एवढ्या लोकांनी ते रील ऐकलं, वाहवा केली, कोणाच्या कानाला खटकलं नाही, तुझ्या खटकलं. हा कान कुठून आला? तो काही मत्सराने दिलेला नाही, तो तुझ्याकडे आधीपासून आहे, उजव्या-डाव्या पानाच्या वहीपासूनचा, मत्सराने फक्त त्याला चोरासारखं रात्री कामाला लावलंय.

यावरून मला रामेश्वर भट्ट आठवतात. तुकोबांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, इंद्रायणीत वह्या बुडवल्या, तेरा दिवस तुकोबा नदीकाठी अन्नपाण्याशिवाय पडून राहिले आणि वह्या कोरड्या वर आल्या. पण त्या गोष्टीतला दुसरा माणूस आपण पटकन खलनायक म्हणून सोडून देतो. वाघोलीचे हे रामेश्वर भट्ट मोठे विद्वान, वेदशास्त्र शिकलेले, आणि देहूचा एक कुणबी वाणी मराठीत अभंग म्हणतो, लोक त्याच्या कीर्तनाला गर्दी करतात, हे त्यांना सहन झालं नाही. आता यात नुसता मत्सर होता असं मी म्हणणार नाही, जातीचा अधिकार होता, वेदार्थ कोणी बोलायचा यावरची मक्तेदारी होती, ते झाकायचं नाहीये मला. पण संतचरित्रकार महिपतींनी लिहिलेल्या चरित्रांमुळे जी कथा घरोघर गेली तिच्यात मत्सरही स्पष्ट आहे, आणि त्या आगीचं तिथे शब्दशः चित्र आहे, रामेश्वर भट्टांच्या अंगाचा असा दाह होतो की काही केल्या थांबत नाही. मग तुकोबा त्यांना एक अभंग पाठवतात, "चित्त शुद्ध तरी शत्रु मित्र होती, व्याघ्रही न खाती सर्प तया", आणि दाह शमतो, आणि हे शास्त्री तुकोबांचे शिष्य होतात.

आता त्याच्या पुढचं बघ, मला तेच सांगायचंय. तुकोबांची आरती आजही म्हटली जाते, "आरती तुकारामा, स्वामी सद्गुरु धामा". ती रामेश्वर भट्टांची आहे. "राघवें सागरांत पाषाण तारिले, तैसे हे तुकोबाचे अभंग उदकी रक्षिले", म्हणजे ज्याच्यापायी ते अभंग पाण्यात गेले तोच माणूस लिहितोय की ते पाण्यात राखले गेले. आणि पुढची ओळ, "तुकिता तुलनेसी ब्रह्म तुकासी आले". तुकणे म्हणजे तराजूत घालून वजन करणे. तुकिता, तुलना, तुकासी आले, एका ओळीत तीन वेळा तराजू वाजतो, आणि एका पारड्यात ब्रह्म ठेवलं आणि दुसऱ्यात तुका तर वजन सारखं भरलं असं तो म्हणतो. मी ही आरती कितीतरी वर्षं नुसती म्हणत होते, एकदा या ओळीवर थांबले आणि अंगावर काटा आला. आयुष्यभर वजनं-मापं काढणारा, कोण मोठा कोण छोटा तोलणारा हा माणूस, त्याची तोलण्याची सवय काही गेलेली नाही, ती तशीच आहे, फक्त आता ती कामाला आलीये. त्याच्याकडे शब्दांचा असा कान होता हे त्याच्या विरोधाच्या दिवसात कोणाला दिसलं असतं? त्याला स्वतःलाही नसेल दिसलं. आणि मला असंही वाटतं, हे माझं मत आहे, की तुकोबांच्या शब्दांची ताकद त्यांना इतरांच्या आधी कळली म्हणूनच ते एवढे पेटले, ज्याला कवितेतलं काही कळत नाही तो कवितेवर कशाला जळेल.

माझी गोष्ट सांगते म्हटलं ना. मी सव्वीस वर्षांची होते, आमच्या जिल्ह्याच्या गावी दर महिन्याला कविता वाचायला जमायचो, आणि आमच्यातल्या एकीला एक मोठं बक्षीस मिळालं. मी टाळ्या वाजवल्या, पेढा खाल्ला आणि घरी येऊन तिचा संग्रह पेन्सिल घेऊन वाचायला बसले, समासात लिहीत गेले, इथे विशेषण फुकट, इथे यमकासाठी शब्द ओढलाय, इथे शेवटचं कडवं नसतं तरी चाललं असतं. चार महिने हे चाललं आणि त्या चार महिन्यांत आणि पुढच्या तीन वर्षांत मी स्वतः काही लिहिलं नाही, अगदी तुझ्यासारखंच. खूप नंतर घर बदलताना तो संग्रह एका ज्येष्ठ संपादकांच्या हाती लागला, त्यांनी उभ्याउभ्या समासातलं सगळं वाचलं आणि मला विचारलं, हे कोणी लिहिलंय, याला कविता वाचता येते. मी रडले त्या दिवशी. कारण ती टिपणं लिहिताना माझ्या मनात फक्त विष होतं आणि तरी त्यातली निम्मी टिपणं बरोबर होती, आणि उरलेली निम्मी साफ चुकलेली, नुसती चिडून लिहिलेली, ती कुठली ते आता मला वेगळं ओळखता येत होतं. आज मी दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचून देते, ते काम मला तिथून मिळालं. पण ती तीन वर्षं परत मिळाली नाहीत, म्हणून तुला एवढं लांबलचक लिहितेय.

बरं, तुझ्या अकरा गझला. त्यातल्या दोन तू सोबत पाठवल्यास, त्या मी वाचल्या. वृत्त बरोबर आहे, काफिया-रदीफ, म्हणजे यमक आणि त्यामागे परत परत येणारे तेच शब्द, चोख, मतला, म्हणजे पहिला शेर, कुठे घसरत नाही, आणि तरी तू म्हणतेस तशा त्या बेचव आहेत, खोटं कशाला बोलू. त्यात पुण्यातला पाऊस आहे, कॉफी आहे, खिडकी आहे, आणि तू राहतेस केळीच्या बागांमध्ये. गझलेतला प्रत्येक शेर दोन ओळींत स्वतंत्र उभा राहावा लागतो, दोन ओळीत विजेसारखं काहीतरी चमकून संपलं पाहिजे, तुझ्या मैत्रिणीचं मन तसं चालत असणार म्हणून तिला ते साधतं. तुझं मन तसं चालत नाही. तुझं मन लांबून येतं, दहा गोष्टी सांगत सांगत येतं आणि एकदम एका वस्तूपाशी थांबतं. हे मी कशावरून म्हणते ते सांगतेच, पण त्याआधी ज्ञानेश्वरांची एक ओवी.

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात, ग्रंथ संपत आलाय, आणि माउली सांगतायत की मी हे धाडस का केलं. म्हणजे विचार कर, नेवासे, साल १२९०, वय परंपरेने पंधरा-सोळा, गीतेवर आधी किती थोरांनी लिहून ठेवलेलं, ते संस्कृतात, आणि हा मुलगा मराठीत लिहितोय. ते म्हणतात,

राजहंसाचे चालणे । भूतळीं जालिया शहाणे ।
आणिकें काय कोणें । चालावेंचि ना ॥

राजहंसाची चाल पृथ्वीवर सुंदर ठरली, म्हणून बाकी कोणी चालूच नये का? मला ही ओवी नुसती नम्रतेची वाटत नाही, यात केवढा हक्क आहे बघ! राजहंस सुंदर चालतो हे ते मान्य करतात, त्याच्या चालीत खोट काढत नाहीत, आणि लगेच स्वतःचा पाय उचलतात. तू काय केलंस तर आधी राजहंसाच्या चालीत खोट शोधलीस, मग अकरा वेळा त्याच्या चालीने चालून पाहिलंस आणि मग चालणंच बंद केलंस. आणि त्याच ठिकाणी पुढे ते म्हणतात की व्यासांच्या पावलांचा माग काढत आणि "भाष्यकारांतें वाट पुसत" मी चाललोय. वाट पुसत! जो पुढे गेलाय त्याला वाट विचारायची. मत्सरात नेमकं हेच करता येत नाही, पुढे गेलेल्याशी आपण बोलायचंच बंद करतो, तापाचं खोटं सांगतो.

आता तुझं मन कसं चालतं ते. तुझ्या पत्रातलं ते साडीचं वाक्य परत वाच. मी वहीत उतरवून घेतलंय ते. तू ते आपल्याकडे काही नाही हे सांगायला लिहिलंस, त्या भरात तुला कळलंच नाही की तू काय लिहून गेलीस. केळीचा चीक एकदा कापडाला लागला की काळा पडतो आणि धुऊन जात नाही हे तुमच्याकडच्या प्रत्येक बाईला माहीत आहे, त्या डागांत तुझ्या आईची सगळी वर्षं आहेत, घड उतरवलेले, पानं कापलेली. एरवी डाग म्हणजे वाईट आणि स्वच्छ म्हणजे चांगलं, पण तुझ्या वाक्यात उलटं झालं, एकाच वस्त्रावर डाग नाही आणि तेच सगळ्यात जास्त दुखतं, कारण डाग नाही म्हणजे ते अंगावर गेलंच नाही. आणि "तेवढा नाही" हे तू मध्ये टाकलंस, "कारण" नंतर टाकलंस, हा क्रम कोणी शिकवला तुला? गझलेच्या शेरात हे मावलं नसतं, याला सगळ्या डागलेल्या साड्यांवरून चालत यावं लागतं तेव्हा त्या एका शालूपाशी थांबता येतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं तू पुण्यापर्यंत वळसा घालून आलीस बाई.

तुझ्या बी.एड.च्या सर्टिफिकेटवर विद्यापीठाचं नाव बघ. २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव आहे, म्हणजे जिला लिहिता-वाचता येत नव्हतं तिच्या नावाच्या विद्यापीठाने तुला पदवी दिली आणि तू मला सांगतेस घरी पुस्तक नव्हतं. असोद्याची ती लेक, जन्म १८८०, जात्यावर आणि शेतात गाणी रचायची आणि ती तिच्या मुलाने, कवी सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी कागदावर उतरवली म्हणून राहिली, १९५१ साली ती गेली आणि १९५२ ला पुस्तक आलं, अत्र्यांनी ते बावनकशी सोनं म्हणून महाराष्ट्रासमोर ठेवलं. तिने पुण्या-मुंबईची भाषा उसनी आणली असती तर आज आपल्याकडे काय असतं? तिची सुगरणीच्या खोप्याची कविता तुला पाठ असणार, शाळेत शिकवतही असशील. त्यात ती आधी काय करते बघ, पाखराच्या कारागिरीचं मनापासून, हात न राखता कौतुक करते, झाडाला टांगलेला झोका म्हणते त्याला, त्या इवल्या चोचीकडे डोळे भरून बघते, आणि मग शेवटी वळते, "तुले देले रे देवानं दोन हात दहा बोटं". हा क्रम महत्त्वाचा आहे गं. दुसऱ्याची कारागिरी पूर्ण बघून झाल्यावरच तिला माणसाच्या बोटांची आठवण होते. तुझं अडलंय ते इथे, तू पहिला भागच पूर्ण केलेला नाहीयेस, तिचं कौतुक घशात अडकलंय म्हणून तुझी दहा बोटं तुला सापडत नाहीयेत.

तर आता कर काय. महिनाभर तिला म्यूट कर, अनफॉलो नको, तिला ते कळलं तर उगाच वाईट वाटेल. तिचं पुस्तक विकत घे, कागदाचं, कारण फोनवर कवितेच्या खाली लाईकचा आकडा असतो आणि तू कवितेआधी तो वाचतेस, हो की नाही? दिवसाउजेडी वाच, शाळेत मधल्या सुट्टीत वाच, रात्री नको. पेन्सिल घे हातात, तो तुझा हात आहे, पण या वेळी खूण करायची ती जिथे तुला आतून बरं वाटलं तिथे. एक तरी शेर सापडेलच, आणि ज्या दिवशी सापडेल त्याच दिवशी तिला फोन कर, मेसेज नको, फोन, आणि सांग की हा शेर मला फार आवडला आणि का आवडला ते. तापाचं खोटं होतं हेही सांगून टाक. पण तुझ्या रात्रींचा सगळा हिशोब तिच्यापुढे मांडू नकोस, त्याने तुझं मन हलकं होईल आणि ते ओझं तिच्या डोक्यावर जाईल, ते माझ्यापाशी लिहिलंस तेवढं पुरे. मग तिला वाट विचार. ती गझल कुठे शिकली, किती वह्या फाडल्या, पुस्तकाला पैसे कोणी घातले, तिच्या नोकरीचं काय, कोण कोण नाही म्हणालं. "आधी हाताला चटके तंव्हा मिळते भाकर", तिचे चटके तुला फोनच्या स्क्रीनवर दिसलेच नाहीत कधी. आणि ती वृत्ताची चूक, तीही सांग तिला, फक्त आत्ता नाही, तुमचं बोलणं पूर्वीसारखं सुरू झालं की. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल आणि असं कोणी सांगणारं असणं हे लिहिणाऱ्याचं भाग्य असतं.

मत्सर पूर्ण जाईल असं वचन मी देत नाही. "मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर", हे तुला मी काय सांगावं, तुमच्या शेतात ढोरं शिरलेली तू लहानपणी हाकलली असशील. ते परत येणार, तिचं दुसरं पुस्तक येईल तेव्हा येणार, तुझ्या एखाद्या कवितेला कोणी विचारलं नाही तेव्हा येणार, आलं की हाकलायचं आणि आपल्या कामाला लागायचं. मात्र झोप न लागणं, स्वतःची किळस येणं हे असंच चालू राहिलं, जेवणखाण, शाळा यावरून मन उडालं, तर जळगावला एखाद्या डॉक्टरला किंवा समुपदेशकाला भेट, लाजू नकोस.

आणि गझलेची वही बाजूला ठेव थोडे दिवस. घरी बोलता त्या बोलीत लिही, आई बोलते तसं. ती जुनी वही, उजवं पान तिचं आणि डावं तुझं, ती कोणाकडे आहे तेही फोनवर विचार, तुझ्याकडे नसेल तर तिच्याकडे असेल.

आणखी एक राहिलं. तो शालू अजून घरात आहे का, कुठल्या रंगाचा आहे, आणि आई परत का नेसली नाही, हे तू पत्रात लिहिलंच नाहीस. या रविवारी माहेरी जाऊन आईला विचार आणि मग मला लिही.

तुझी,
ताई